मराठी प्रत

लाइपझिगच्या कोर्टाचा हुकूम, अकरा पानं.
इंग्रजी तर्जुमा हायकोर्टात कालच दिला.
ही मराठी प्रत प्रतिवादी क्रमांक दोनसाठी,
म्हणजे मुलीचे आजोबा, भोयर, वेकोलितून रिटायर,
राहणार त्रिमूर्तीनगर.
पानाला साडेतीनशे. शिक्का वेगळा.

पहिल्या ओळीत अडले नाही, याचंच नवल.
'मूल' जर्मनमध्ये नपुंसकलिंगी, आपल्याकडेही.
ते मूल. ते नऊ वर्षांचं. ते आईबरोबर सुट्टीला आलं
आणि परतीच्या तिकिटाची तारीख उलटून गेली.
अकरा पानांत दोन भाषांचं
एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत.

पुढे 'नेहमीचं राहण्याचं ठिकाण'.
शब्द सोपे आहेत. ठिकाण सापडत नाही.
कागद म्हणतो, जिथं शाळा, दातांचा डॉक्टर,
मंगळवारचा पोहण्याचा क्लास.
पण ते मूल आता गोकुळपेठेतल्या शाळेत 'काहून' म्हणतं,
आणि पोह्यांवर अजून एक पळी तर्री मागतं.

वकील म्हणाले, हेगच्या त्या करारावर
आपल्या देशाची सही नाही, मॅडम.
तिकडचा हुकूम न्यायमूर्ती वाचतील, तोलतील,
बांधील नाहीत.
तारखा पडत राहतात.
दर तारखेला ते मूल थोडं अधिक इथलं होतं.
हे कुणाच्या बाजूचं म्हणणं, मला ठाऊक नाही.

मग पान सात. एक क्रियापद.
बोलणारा कुठं उभा आहे, हे त्या क्रियापदाला विचारावं लागत नाही.
मराठी विचारते.
'परत आणावं' लिहिलं, तर मी लाइपझिगला,
त्या माणसाच्या शेजारी, ज्याचा व्हिडिओ कॉल
कोर्टानं ठरवलेल्या साडेआठला येतो
आणि ज्याच्या मागच्या खिडकीत तेव्हा लख्ख ऊन असतं.
'परत न्यावं' लिहिलं, तर मी त्रिमूर्तीनगरच्या गॅलरीत,
भोयरांच्या कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत.

संध्याकाळी उठले, चालत झिरो माइलपर्यंत गेले.
एप्रिलची झळ अजून फुटपाथमधून वर येत होती.
खांबावर गावं कोरलेली, पुढे मैल.
शिवनी, छिंदवाडा, बैतूल, चांदा.
शाळेत घोकलं होतं, इथून सगळी अंतरं मोजतात.
शून्यावर उभं राहून कुणी काही आणतं
की नेतं, हे तिथंही लिहिलेलं नव्हतं.

गेल्या गुरुवारी चेंबरमध्ये बोलावलं होतं तिला.
अनुका. तिला नाव आहे.
न्यायमूर्तींनी मराठीत विचारलं, हळू आवाजात.
ती जर्मनमध्ये बोलली.
दारापलीकडे आई होती.
दुभाष्यानं 'मी' म्हणायचं असतं, तसा नियम आहे.
मी म्हटलं, माझी सायकल विकू नका.
मी म्हटलं, हे मी बोलले ते आईला सांगू नका,
ती रात्री नळ सोडून रडते.
सायकल कुठं आहे, ते सांगताना अडली.
तळघराचा शब्द तिला आठवेना.
माझ्याकडे पाहिलं.
मला येत होता. तीस वर्षं शिकवलाय मुलांना.
दुभाष्यानं शब्द पुरवायचा नसतो.
शेवटी ती म्हणाली, मराठीत, "ती खालची खोली."

अकराची मराठीत चौदा पानं झाली.
बिल अकराचंच केलं.

पान सातवर रात्री दोनदा खोडून तिसरं लिहिलं:
'सदर मुलास सुखरूप पोचवावे.'
'पोचवावे' चालेल. दोन्हीकडून म्हणता येतं.
'सुखरूप' मात्र मूळ हुकुमात नाही.
सकाळी तेवढा शब्द काढला
आणि शिक्का मारला.